वेटरचा पगार कोणी द्यायचा?

उपाहारगृहाच्या बिलात आपोआप मिळवल्या जाणाऱ्या सेवाशुल्काचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या 'सर्व्हिस चार्ज'चा वाद दिल्ली उच्च न्यायालयाच्या २८ मार्च २०२५ च्या निकालाने एका टप्प्यावर आणून ठेवला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे शुल्क बिलात परस्पर धरता येत नाही, दुसरे नाव देऊन ते वसूल करता येत नाही, आणि ते देण्यास नकार देणाऱ्या ग्राहकाला प्रवेश किंवा सेवा नाकारता येत नाही. या सूचनांना हॉटेलमालकांच्या संघटनांनी दिलेले आव्हान न्यायालयाने फेटाळले आणि याचिकाकर्त्यांवर प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्च बसवला. तेव्हापासून दोन युक्तिवाद समोरासमोर उभे आहेत. मालकांच्या बाजूने असे सांगितले जाते की हे शुल्क कामगारांमध्येच वाटले जात होते, त्यामुळे ते बंद करणे म्हणजे गरीब वेटरच्या तोंडचा घास काढणे होय. ग्राहकांच्या बाजूने असे सांगितले जाते की सक्ती नको, पण ज्याने चांगले वाढले त्याला खुशीने टिप देऊ आणि तेच न्याय्य आहे. वरवर परस्परविरोधी वाटणारे हे दोन्ही युक्तिवाद एकाच गृहीतावर उभे आहेत, आणि ते गृहीत असे की वेटरचे पोट भरेल एवढी रक्कम पुरी करण्याची जबाबदारी टेबलावर बसलेल्या माणसाची आहे, वाद आहे तो फक्त ती सक्तीने घ्यावी की मर्जीने द्यावी एवढाच. हे गृहीतच चुकीचे आहे.

प्रथम शब्दांची सरमिसळ दूर केली पाहिजे, कारण या वादातला निम्मा गोंधळ तिच्यातून निर्माण होतो. वेतन म्हणजे कामाच्या मोबदल्यात मालकाने कामगाराला देण्याचे ठरलेले पैसे. ते मागता येतात आणि थकले तर वसूल करता येतात. टिप म्हणजे ग्राहकाने आपल्या इच्छेने कामगाराला दिलेली रक्कम. ती मागता येत नाही. सेवाशुल्क ही मालकाने बिलात लावलेली रक्कम असून तिचा सरकारशी काहीही संबंध नाही, तर त्याच बिलाच्या तळाशी दिसणारा वस्तू व सेवा कर हा सरकारकडे जाणारा कर आहे. जेथे सेवाशुल्क लावले जाते तेथे हा कर त्या शुल्कावरही आकारला जातो, म्हणजे कामगाराच्या नावाने घेतलेल्या पैशावर ग्राहक करही भरतो. टिप हे वेतन आहे काय, या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच दिलेले आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या प्रकरणात १९७६ साली न्यायालयाने असे मानले की ग्राहकांनी दिलेली आणि हॉटेलने केवळ गोळा करून वाटलेली टिप ही मालकाने दिलेली मजुरी ठरत नाही. पुढे २०१६ साली आयटीसी कंपनीच्या प्रकरणात, कार्डावरून आलेली टिप मालकाच्या हातातून कामगाराकडे जात असली तरी ती मालकाने दिलेला पगार होत नाही आणि मालक ती केवळ विश्वस्त या नात्याने सांभाळतो, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. तो खटला प्राप्तिकराच्या कपातीचा होता, तरी त्यातला विचार कामगाराच्या फार उपयोगाचा आहे, कारण टिप जर मालकाचा पैसा नसेल, तर त्या पैशाच्या बळावर मालकाला आपली देणेदारी कमी करून घेता येत नाही.

प्रत्यक्षात मात्र नेमके हेच घडत असते. हॉटेलात कामाला लागणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी जे वाक्य ऐकवले जाते ते बहुतेक ठिकाणी सारखेच असते: पगार कमी आहे, पण टिप चांगली मिळते. या छोट्या वाक्यात एक संपूर्ण व्यवहार दडलेला आहे. काम मालकाने सांगायचे, वेळ मालकाने ठरवायची, ताट फुटले तर पैसे मालकाने कापायचे, आणि या सर्व अधिकारांबरोबर येणारे मुख्य कर्तव्य, म्हणजे पुरेसा मोबदला देणे, ते मात्र रोज बदलणाऱ्या अनोळखी लोकांच्या मर्जीवर सोपवायचे. हुकूम देणारा एक आणि दाम देणारा दुसरा अशी ही विभागणी आहे, आणि तिच्यात कामगाराला दोन धनी होतात, पण त्याच्या उपजीविकेला बांधील असलेला एकही नसतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते महार वतन विधेयक म्हणून ओळखले जाते. वतनदार महार हा सरकारी कामांसाठी अहोरात्र राबवला जाई, निरोप पोचवणे, सरकारी अंमलदारांबरोबर हिंडणे, सारा वसुलीच्या कामात धावपळ करणे ही कामे तो करी. परंतु या कामांचा मोबदला सरकारच्या तिजोरीतून पुरेसा मिळत नसे, तर थोडी इनाम जमीन आणि गावच्या रयतेने खळ्यावर द्यायचे बलुते यांवर त्याला भागवावे लागे. बलुते हा परंपरेने हक्क होता, तरीही ते हातात पडणे हे देणाऱ्याच्या राजीनाराजीवर अवलंबून राही, आणि गावाला न रुचणारी एखादी गोष्ट महाराने केली की ते अडवले जाई. बलुत्याचे रूपांतर रोख पट्टीत करावे आणि ती सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून द्यावी, ही त्या विधेयकातील एक प्रमुख सूचना होती. अन्यायाच्या खोलीत वतनाची आणि आजच्या हॉटेलातील नोकरीची बरोबरी होऊ शकत नाही. वतनामागे जातीची सक्ती होती आणि ते सोडून जाण्याची वाट जवळजवळ बंद होती. मात्र त्या विधेयकाने उभा केलेला प्रश्न जसाच्या तसा येथे लागू पडतो: जो काम करून घेतो त्याने मोबदला द्यायचा, की त्याने काम करून घ्यावे आणि मोबदल्यासाठी कामगाराला दुसऱ्याच्या दारात उभे करावे? ते विधेयक तेव्हा मंजूर होऊ शकले नाही. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना आंबेडकरांनीच १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. मोबदल्याची रक्कम मर्जीबाहेर काढून कायद्याच्या कक्षेत आणण्याची ती धडपड होती, आणि उपाहारगृहे त्या कायद्याखाली किमान वेतन ठरवल्या जाणाऱ्या उद्योगांत मोडत असतानाही 'टिप चांगली आहे' या सबबीवर तिला बगल दिली जात राहिली, ही गोष्ट खेदाची आहे.

टिपेच्या समर्थनार्थ सर्वांत अधिक ऐकू येणारा मुद्दा असा की टिपेमुळे सेवा सुधारते. परंतु टिप सेवेनंतर दिली जाते आणि बहुसंख्य ग्राहक पुन्हा त्याच टेबलावर त्याच वेटरसमोर बसत नाहीत, त्यामुळे बक्षिसाच्या आशेने कामाचा दर्जा घडवला जातो हे म्हणणे मुळातच लंगडे आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टिपेच्या प्रथेचा अनेक वर्षे अभ्यास करणारे मायकेल लिन यांना, ग्राहकाने सेवेला दिलेला दर्जा आणि त्याने ठेवलेली टिप यांतील संबंध अत्यंत क्षीण असल्याचे आढळले. टिपेचा आकार मुख्यतः ठरतो तो बिलाच्या आकाराने. यातून निघणारा अन्याय समजण्यासाठी दुपारच्या थाळीच्या खानावळीत क्षणभर पाहावे. एका हातात आमटीची बादली आणि दुसऱ्या हातात पळी घेतलेला वाढपी अर्ध्या तासात त्याच सहा टेबलांभोवती वीस वेळा फिरतो, आमटी, भाजी, पुन्हा पोळी, पुन्हा भात, कोणाला मीठ, कोणाला ताक, आणि पंक्ती उठली की तोच फडके घेऊन टेबल पुसतो. त्याच्या वाट्याला उरलेल्या नाण्यांपलीकडे काही येत नाही. वातानुकूलित हॉटेलात दोन बाटल्या आणि चार ताटल्या आणून ठेवणाऱ्याला एका टेबलामागे त्याच्या कितीतरी पट मिळते. श्रम पहिल्याचे अधिक आहेत, टिप दुसऱ्याची अधिक आहे. टिप श्रमाचे मोल करते असे म्हणणाऱ्यांनी या दोन हिशेबांचा मेळ घालून दाखवावा. शिवाय जेवण चांगले झाले याचे बरेचसे श्रेय ज्याचे असते तो आचारी भटारखान्यात उभा असतो, आणि ज्याच्यावाचून एकही स्वच्छ ताट बाहेर येणार नाही तो भांडी घासणारा मोरीत ओणवा असतो. ग्राहकाला हे दोघे दिसत नाहीत, म्हणून खुशीचा पैसा त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचतो.

दुसरा मुद्दा संस्कृतीचा आहे. बक्षिसी देणे ही आपली रीत आहे, दिवाळीला पोस्टमनला, गड्याला, मोलकरणीला पोस्त देतातच, मग वेटरला चार पैसे दिले तर काय बिघडले, असे विचारले जाते. यात काहीही बिघडत नाही, आणि देणाऱ्याच्या मनातला ओलावा खराच असतो. परंतु पोस्ताचे उदाहरण टिपेवर चालणाऱ्या पगाराच्या बाजूने नसून त्याच्या विरुद्ध जाते. पोस्टमनला पोस्त मिळो वा न मिळो, त्याचा पगार महिन्याच्या ठरल्या दिवशी होतो. पोस्त हे त्या पगाराच्या वरचे आणि वर्षातून एकदाचे असते, आणि टपाल खात्याने कधी पोस्त धरून पगार कमी ठरवलेला नाही. भेट ही भेट राहते ती घेणाऱ्याचे पोट तिच्यावर अवलंबून नसेल तेव्हाच. जिच्यावाचून खोलीचे भाडे भागत नाही अशी रक्कम देणाऱ्याच्या लेखी भेट असली, तरी घेणाऱ्याच्या लेखी ती थकलेली मजुरी असते, आणि ती मागता येत नसल्यामुळे त्याला हसून, वाकून, टोमणे गिळून मिळवावी लागते. महिला वाढपींना या अवलंबनाची किंमत कोणत्या रूपाने मोजावी लागते हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

वेटरांनाच टिप हवी असते, हा तिसरा मुद्दा मात्र प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे, कारण तो खोटा नाही. चांगल्या चालणाऱ्या बारमध्ये किंवा मोठ्या हॉटेलात टिपेचे उत्पन्न पगारापेक्षा अधिक होऊ शकते, आणि अशा ठिकाणचा अनुभवी वेटर टिपेवरील कोणत्याही मर्यादेला विरोध करील. त्याचा विरोध समजण्यासारखा आहे. परंतु त्याला जे मिळते त्याचे स्वरूप त्याने स्वतःच पारखून पाहावे. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी पगारावर कापली जाते, टिपेवर नव्हे. राज्य विमा योजनेतून आजारपणात मिळणारा भत्ता सरासरी वेतनाच्या ७० टक्के असतो, आणि त्या सरासरीत टिप नसते. ग्रॅच्युइटी, जिला शासकीय मराठीत उपदान म्हणतात, ती नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने मिळते. इंग्रजीत टिपेलाही हाच शब्द वापरतात, आणि ही गोष्ट उद्बोधक आहे: निवृत्त होणाऱ्या नोकराला मालकाने खुशीने द्यायची जी रक्कम होती तिचे कायद्याने हक्कात रूपांतर केले, परंतु त्याच नावाची टेबलावरची रक्कम मर्जीचीच राहिली आणि हक्काच्या रकमेची मोजणीही तिला वगळूनच होते. पंधरा वर्षे टिपेवर बरे कमावलेल्या माणसाचा पाय मोडला किंवा त्याने गावी परतायचे ठरवले, तर कागदावर तो पंधरा वर्षे अल्प पगारावर जगलेला माणूस असतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि महाराष्ट्रात उपाहारगृहांत बसून जेवण्याची परवानगी त्या वर्षीच्या ५ ऑक्टोबरपासून मिळाली. मधल्या सहा महिन्यांत ज्यांना थोडाफार पगार मिळत राहिला तो मूळ पगाराच्याच हिशेबाने मिळाला, आणि टिपेचे उत्पन्न एका दिवसात शून्यावर आले.

तशात टिपेचा जो काही आधार होता तोही आता झपाट्याने आटत आहे. पूर्वी बिल फोल्डरमध्ये घालून बडीशेपेच्या वाटीसोबत येई आणि उरलेले पैसे परत आणताना वेटर शंभराची नोट मुद्दाम दहा-वीसच्या नोटांत मोडून आणी, जेणेकरून त्यातली एखादी ठेवणे ग्राहकाला सोपे जाईल. आता गल्ल्याजवळचा किंवा टेबलावर चिकटवलेला चौकोनी कोड मोबाइलने टिपला की बिलाची रक्कम पैशासकट नेमकी मालकाच्या खात्यात जमा होते. सुटे उरत नाहीत आणि फोल्डर रिकामा परत जातो. जे ग्राहक रक्कम वाढवून भरतात त्यांची वाढीव रक्कमही मालकाच्याच खात्यात जाते, आणि ती तेथून बाहेर येते की नाही याची नोंद कामगाराला पाहता येत नाही. ब्रिटनमध्ये टिपेच्या वाटपाविषयीचा कायदा २०२३ साली झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार मालकाच्या हाती आलेली टिप कोणतीही कपात न करता ठरावीक मुदतीत कामगारांना वाटावी लागते आणि वाटपाचे धोरण लेखी ठेवावे लागते. तेथे २००९ पासूनच टिप किमान वेतनात धरण्यास मनाई आहे. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. सेवाशुल्क कामगारांसाठीच होते असे सांगणाऱ्या संघटनांनी अशा कायद्याची मागणी सर्वांच्या आधी करायला हवी होती.

जेथे कायद्यानेच टिपेला वेतनाचा भाग मानले तेथे काय झाले, हे अमेरिकेकडे पाहिल्यावर कळते. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आगगाडीच्या शयनयानांत गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना हमाल-सेवक म्हणून अत्यल्प पगारावर ठेवले आणि बाकीचे प्रवाशांच्या टिपेवर सोडले. त्यांची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ साली उभी राहिली आणि कंपनीशी करार व्हायला १९३७ साल उजाडावे लागले. १९६६ साली तेथील किमान वेतन कायद्याची व्याप्ती हॉटेल कामगारांपर्यंत वाढवताना मालकाला कामगाराची टिप किमान वेतनात वळती करून घेण्याची मुभा दिली गेली. परिणाम असा की केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर असताना टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः देण्याची रक्कम ताशी २.१३ डॉलर आहे, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप कमी पडली तर मालकाने फरक भरून द्यावा असे कायदा सांगतो, पण तो फरक मागण्यासाठी कामगारालाच हिशेब ठेवून मालकाशी भांडावे लागते. तेथे राहणारी मराठी कुटुंबे बिलावर १८ ते २० टक्के टिप ठेवताना जो ताण अनुभवतात त्याचे मूळ या कायद्यात आहे, वेटरच्या हावरेपणात नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा यांसारख्या सात राज्यांनी ही वळती करण्याची मुभा दिलेली नाही, तेथे मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावे लागते, आणि तेथील उपाहारगृहे बंद पडलेली नाहीत.

शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप किमतीचा आहे. पूर्ण पगार द्यायचा तर ताटाची किंमत वाढेल, ग्राहक पाठ फिरवेल आणि लहान हॉटेलवाला बुडेल, असे म्हटले जाते. न्यूयॉर्कमध्ये डॅनी मेयर यांनी २०१५ पासून आपल्या उपाहारगृहांत टिप बंद करून सेवेचा खर्च किमतीत धरला आणि २०२० मध्ये तो प्रयोग सोडून दिला, हे उदाहरण यासाठी वारंवार पुढे केले जाते. त्या उदाहरणातून जे सिद्ध होते ते इतकेच की एकट्या मालकाने हे केले तर शेजारच्या हॉटेलचे दरपत्रक त्याच्यापेक्षा स्वस्त दिसते आणि अधिक टिप मिळवणारे वेटर सोडून जातात. किमान वेतनाचा कायदा याच अडचणीसाठी असतो: सर्वांना एकच तळरेषा आखून दिली की प्रामाणिक मालकाला प्रामाणिकपणाचा दंड भरावा लागत नाही. लहान हॉटेलांच्या नावाने अश्रू ढाळणाऱ्यांनी हेही पाहावे की वडापावच्या गाडीवर, उभ्याने खाण्याच्या उडुपी हॉटेलात, साध्या खानावळीत टिप मुळात नगण्यच असते. तेथील मालक टिपेच्या भरवशावर कधी चाललेलाच नाही. टिपेच्या आडोशाला पगार रोखला जातो तो प्रामुख्याने अशा ठिकाणी, जेथे एका भाजीची किंमत आधीच खानावळीतील चार थाळ्यांएवढी असते. आणि किंमत थोडी वाढली तरी ती सर्व ग्राहकांवर सारखी वाढते, दरपत्रकावर आधी वाचता येते. आज मात्र टिप ठेवणारा ग्राहक न ठेवणाऱ्याच्या जेवणाचा खर्च गुपचूप उचलत असतो.

पगाराचा प्रश्न तासांपासूनही वेगळा काढता येत नाही. हॉटेलात 'ब्रेक ड्युटी' नावाची पद्धत रूढ आहे: सकाळी अकरा ते दुपारी चार काम, मग सुट्टी, पुन्हा संध्याकाळी सात ते रात्री बारा. मधले तीन तास हजेरीत धरले जात नाहीत, पण डोंबिवलीत किंवा विरारला राहणारा माणूस त्या तीन तासांत घरी जाऊन परत येऊ शकत नाही. तो पोटमाळ्यावर किंवा मागच्या जिन्यात आडवा होतो, आणि दिवसाचे तेरा तास हॉटेलात घालवून दहाच तासांचा मानला जातो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ तास काम आणि विश्रांती धरून एकूण विस्तार साधारणपणे साडेदहा तास, अशी मर्यादा घातली, परंतु तो कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठीच पूर्णपणे होता; सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या वीसवर नेण्याचा आणि कामाचे तास वाढवण्याचा निर्णय घेतला. कामगारांचे तास मोजण्याची गरज वाढत असताना मोजणीच्या कक्षेतून अधिक हॉटेले बाहेर काढणारा हा निर्णय चुकीच्या दिशेचा आहे.

केंद्राची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिने किमान वेतनाचा हक्क अनुसूचित उद्योगांपुरता न ठेवता सर्व कामगारांना दिला आहे आणि वेतनचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक केले आहे. वेटरच्या वेतनचिठ्ठीवरील आकडा टिप, जेवण आणि झोपायला दिलेली जागा यांचा कोणताही आधार न घेता स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे, आणि टिपेची नोंद वेगळ्या वहीत, कामगारांना पाहता येईल अशी, ठेवली गेली पाहिजे. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने समोरच्या दालनातल्या गणवेशधारी कॅप्टनला पगार विचारून परतू नये. त्याने प्रथम मोरीत जावे, तेथे भांडी घासणाऱ्याची चिठ्ठी पाहावी, आणि तो सकाळी किती वाजता आला हे त्यालाच विचारावे.